यंत्राचा दुभाषी

१९५७ सालच्या जुलै महिन्यातली गोष्ट. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातून गणितात एम.ए. करून बाहेर पडलेल्या एका तरुण शिक्षिकेच्या डोक्यावर शिक्षणासाठी काढलेले कर्ज होते. न्यूयॉर्क राज्यातल्या पेरू नावाच्या लहानशा गावातल्या शेतकरी कुटुंबात ती वाढली होती आणि तिथल्याच शाळेत तिने दोन वर्षे गणित शिकवले होते. आता आयबीएम कंपनीत चार पैसे मिळवावेत, कर्ज फिटले की पुन्हा शाळेत शिकवायला जावे, असा तिचा साधा बेत होता. तिचे नाव फ्रान्सिस ॲलन.

योगायोग असा, की कंपनीने तिला पहिले काम दिले तेही शिकवण्याचेच. कंपनीतल्या शास्त्रज्ञांना ‘फोर्ट्रान’ नावाची नवी भाषा शिकवायची होती. ही भाषा बाहेर पडून जेमतेम तीन महिने झाले होते. शास्त्रज्ञ मात्र नाखूश होते. यंत्राशी आपण यंत्राच्याच भाषेत नीट बोलतो, मध्ये हा दुभाषी कशाला, असे त्यांचे म्हणणे. ॲलनबाई स्वतःही ही भाषा नुकतीच शिकत होत्या. आपण जे शिकवतो ते आतून कसे चालते हे कळावे म्हणून त्यांनी त्या दुभाष्याचीच आज्ञावली मिळवली आणि वाचायला घेतली. कंपायलर हा विषय त्या शिकल्या तो असा. त्या वेळी दुसरा मार्गही नव्हता. या विषयावर ना पाठ्यपुस्तक होते, ना अभ्यासक्रम.

आज अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांकडून एका सत्रात छोटासा कंपायलर लिहून घेता येतो. ज्या कामाला १९५०च्या दशकात निवडक बुद्धिमंतांची काही वर्षे लागली, ते विद्यार्थ्याच्या वहीत कसे येऊन बसले? नुसत्या वेगवान यंत्रांमुळे हे घडलेले नाही. एका अवघड कसबाचे शिकवता येण्याजोग्या ज्ञानात कसे रूपांतर झाले, त्याचा हा इतिहास आहे. म्हणूनच तो शिक्षकांना जवळचा वाटावा.

यंत्राला काय कळते?

संगणकाला मुळात फार थोडे कळते. स्मृतीतल्या अमुक क्रमांकाच्या घरातली संख्या उचल, तमुक घरातली तिच्यात मिळव, आलेले उत्तर तिसऱ्या घरात ठेव, उत्तर शून्य असेल तर अमुक आज्ञेकडे जा – अशा स्वरूपाच्या बारीकसारीक आज्ञा, आणि त्याही आकड्यांत लिहिलेल्या. समजा, एखाद्या काल्पनिक यंत्रात ‘उचल’साठी ०१, ‘मिळव’साठी ०२ आणि ‘ठेव’साठी ०३ हे संकेत आहेत. मग ‘मुद्दल अधिक व्याज म्हणजे रास’ हे एवढेसे वाक्य यंत्रासाठी असे लिहावे लागेल : ०१ १२०, ०२ १२१, ०३ १२२. मुद्दल १२०व्या घरात आहे, व्याज १२१व्या आणि रास १२२व्या घरात जायची आहे, हे लक्षात ठेवण्याचे काम आपले.

तीन आज्ञांपुरते हे ठीक. पण हजार आज्ञांची आज्ञावली असेल आणि मध्येच एक आज्ञा घालायची राहून गेली, तर पुढचे सगळे घर-क्रमांक एकेक करून बदलावे लागतात. शिवाय काही यंत्रांत दशमान पद्धत नसून अष्टमान पद्धत वापरत. म्हणजे सातानंतर एकदम दहा. अशा यंत्रावर दिवसभर काम करणाऱ्या ग्रेस हॉपर यांना एकदा आपल्या बँकेच्या हिशेबाचा मेळच लागेना. शेवटी बँकेत काम करणाऱ्या त्यांच्या भावाने चूक शोधली. बाई घरचे हिशेबही अधूनमधून अष्टमान पद्धतीने करत होत्या!

यंत्रासारखा विचार करता करता माणूस असा यंत्राच्या आहारी जातो. हे उलटे करता येणार नाही का? माणसाने आपल्या पद्धतीने लिहावे आणि त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करण्याचे कंटाळवाणे काम यंत्रानेच करावे? रूपांतराचे नियम ठरलेले असतील, तर तेही शेवटी एक प्रकारचे गणितच नव्हे का?

कॉलेजातल्या बाई आणि बास्केटबॉल

ग्रेस हॉपर (१९०६-१९९२) यांनी येल विद्यापीठातून गणितात पीएच.डी. मिळवली होती आणि व्हासार कॉलेजात त्या गणित शिकवत असत. दुसऱ्या महायुद्धात त्या नौदलात दाखल झाल्या आणि १९४४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या ‘मार्क-१’ या अवाढव्य यंत्रावर त्यांची नेमणूक झाली. १९४९ मध्ये त्या युनिव्हॅक हा संगणक तयार करणाऱ्या कंपनीत गेल्या.

वर्गमूळ काढणे, साइन-कोसाइन काढणे अशी काही गणिते पुन:पुन्हा लागतात. त्यासाठी एकदा नीट तपासून घेतलेल्या आज्ञांचे तुकडे प्रत्येक जण आपल्या वहीत उतरवून ठेवी आणि गरज पडली की एकमेकांच्या वह्यांतून नकलून घेई. पण प्रत्येक वेळी हा तुकडा स्मृतीत वेगळ्या ठिकाणी बसणार. त्यामुळे त्यातल्या प्रत्येक घर-क्रमांकात ठरावीक संख्या मिळवावी लागे. हॉपरबाईंच्या ध्यानात आले, की हुशार माणसांनाही नक्कल आणि बेरीज या दोन गोष्टी बिनचूक जमत नाहीत. हाताने लिहिलेल्या ‘बी’ या अक्षराचे नकलताना सहज १३ होऊन जाई. उलट, नक्कल आणि बेरीज या कामांत तर यंत्र पटाईत!

म्हणून त्यांनी हे सगळे तुकडे चुंबकीय फितीवर साठवले आणि प्रत्येकाला एक क्रमांक दिला. माणसाने फक्त कोणते तुकडे कोणत्या क्रमाने हवेत ते सांगायचे. ते शोधणे, जोडणे आणि घर-क्रमांक दुरुस्त करणे हे काम यंत्राचे. १९५१-५२ मध्ये तयार झालेल्या या आज्ञावलीचे नाव होते ‘ए-झीरो’. विखुरलेले तुकडे एकत्र करायचे, म्हणजे इंग्रजीत ‘कंपाइल’ करायचे. म्हणून तिला कंपायलर म्हटले गेले. मराठीत या शब्दासाठी रूढ झालेला ‘संकलक’ हा प्रतिशब्द या मूळ अर्थाला अगदी चपखल बसतो. पुढे कंपायलरचे काम संकलनापलीकडे, खऱ्या अर्थाने भाषांतराकडे गेले. नाव मात्र तेच राहिले.

यात एक गंमतशीर अडचण होती. आज्ञावली तयार होत असताना पुढच्या एखाद्या आज्ञेकडे उडी मारायची वेळ येते. पण ती पुढची आज्ञा स्मृतीत कुठे पडणार हे अजून ठरलेलेच नसते. मग पत्ता कोणता लिहायचा? हॉपरबाईंना कॉलेजातला बास्केटबॉल आठवला. तेव्हाच्या मुलींच्या नियमांनुसार चेंडू हातात घेऊन फार पुढे जाता येत नसे. म्हणून चेंडू जोडीदारणीकडे टाकायचा, आपण बास्केटकडे धावायचे आणि तिने तो पुन्हा आपल्याकडे फेकायचा. त्यांनी स्मृतीच्या टोकाला एक कोपरा राखून ठेवला. पुढची उडी असेल तेव्हा आधी या कोपऱ्यातल्या एका घराकडे उडी मारायची. खरा पत्ता कळला, की त्या घरात तिकडे जाण्याची आज्ञा लिहून ठेवायची. प्रश्न सुटला.

लोकांनी मात्र यावर विश्वास ठेवला नाही. संगणकाला अंकगणित येते, आज्ञावली लिहिता येत नाही, असे त्यांना ऐकवले गेले. चालू स्थितीतला कंपायलर हाताशी असूनही त्याला कोणी हात लावेना. याच सुमारास इंग्लंडमध्ये मँचेस्टर विद्यापीठाच्या यंत्रासाठी ॲलिक ग्लेनी यांनी ‘ऑटोकोड’ तयार केला (१९५२), तर अमेरिकेत एमआयटीमध्ये लॅनिंग आणि झीर्लर यांनी बीजगणिताची सूत्रे वाचणारी आज्ञावली लिहिली (१९५४). पण तिच्यामुळे यंत्राचे काम जवळजवळ दहापटीने मंदावत असे. यंत्राचा वेळ सोन्याच्या भावाचा होता, त्यामुळे हा सौदा कोणाला परवडेना.

सहा महिन्यांची तीन वर्षे

आयबीएममधल्या जॉन बॅकस (१९२४-२००७) यांनी हिशेब मांडला तो वेगळा. आज्ञावली लिहिणाऱ्या माणसांवर यंत्राइतकाच खर्च होतो. शिवाय यंत्राचा पाव ते निम्मा वेळ चुका शोधण्यात जातो. म्हणजे एकूण खर्चातला तीनचतुर्थांशापर्यंतचा भाग आज्ञावली लिहिण्यावर आणि दुरुस्त करण्यावरच पडतो! डिसेंबर १९५३ मध्ये त्यांनी वरिष्ठांना पत्र लिहून एका नव्या प्रकल्पाची परवानगी मागितली, आणि १९५४च्या आरंभी काम सुरू झाले. सूत्रांचे भाषांतर करणारी म्हणून भाषेचे नाव ‘फोर्ट्रान’. किती वेळ लागेल, असे कोणी विचारले की उत्तर ठरलेले असे : सहा महिने. ते सहा महिने संपायला तीन वर्षे लागली आणि एकूण सुमारे अठरा मनुष्यवर्षांचे श्रम पडले.

भाषा ठरवणे हे या गटाला फारसे अवघड वाटले नाही. खरे आव्हान होते ते कंपायलरने तयार केलेली आज्ञावली कसलेल्या माणसाने हाताने लिहिलेल्या आज्ञावलीच्या तोडीची व्हावी हे. तसे झाले नाही तर तिला कोणी वापरणार नाही, याची बॅकस यांना खात्री होती. आयबीएम ७०४ या यंत्रात घर-क्रमांकांच्या मोजणीसाठी तीनच खास जागा होत्या. त्या केव्हा, कोणत्या मोजणीला द्यायच्या हे ठरवण्यासाठी लोइस हेब्ट यांनी लिहिलेला भाग दिलेली आज्ञावली कोणत्या वाटेने किती वेळा जाईल याचा आधी अंदाज घेई. त्यावरून शेल्डन बेस्ट यांचा भाग जागांचे वाटप करी. शेवटी शेवटी हा गट जवळच्या लँग्डन हॉटेलात खोल्या घेऊन दिवसा थोडी झोप काढी आणि रात्रभर यंत्रावर चुका शोधत बसे. कंपायलरने तयार केलेल्या काही आज्ञा इतक्या अनपेक्षित असत, की त्याच्या कर्त्यांनाही त्या कशा सुचल्या हे शोधून काढावे लागे.

या कंपायलरमधली एक युक्ती शिक्षकांना आवडेल अशी आहे. २ + ३ × ४ याचे उत्तर २० नसून १४, कारण गुणाकार आधी. हे यंत्राला कसे समजवायचे? नियम असा : पदावलीच्या आरंभी दोन कंस उघडा आणि शेवटी दोन बंद करा. जिथे बेरजेचे चिन्ह असेल तिथे त्याच्या आधी दोन कंस बंद करा आणि नंतर दोन उघडा. जिथे गुणाकाराचे चिन्ह असेल तिथे आधी एक बंद करा आणि नंतर एक उघडा. आता पाहा :

((२)) + ((३) × (४))

कंस थोडे जास्तच झाले आहेत. पण ३ आणि ४ आपोआप एकाच कंसात आले! ‘आधी गुणाकार’ हे तत्त्व न समजताही नुसती चिन्हांची अदलाबदल करून यंत्र ते पाळू शकते. फळ्यावर हे करून पाहण्यासारखे आहे.

एप्रिल १९५७ मध्ये पिट्सबर्गजवळच्या वेस्टिंगहाउस-बेटिस या प्रयोगशाळेत छिद्रपत्रांचा एक गठ्ठा येऊन पडला. सोबत ना चिठ्ठी, ना माहितीपुस्तिका. हा बहुधा तो फोर्ट्रानचा कंपायलर असावा, असा तर्क तिथल्या मंडळींनी केला आणि आपली एक आज्ञावली त्याला देऊन पाहिली. यंत्राने निमूटपणे एक संदेश छापला : अमुक वाक्यात कंस बंद केल्यानंतर स्वल्पविराम नाही. पाहिले, तर खरोखरच एक स्वल्पविराम राहून गेला होता. तो घालताच आज्ञावली चालली. दुभाषी नुसते भाषांतर करत नव्हता, लिहिणाऱ्याची चूक नेमकी कुठे आहे तेही दाखवत होता.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्याच्या स्मृतीत २,०४८ घरे होती आणि त्याच्याशी बोलायचे ते त्याच्याच भाषेत. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला आणि त्याच्याबरोबर फोर्ट्रानही. यंत्राच्या पोटात शिरल्याशिवाय त्याचा उपयोग करून घेणे आता इथल्या संशोधकांनाही शक्य झाले.

तळघर आणि शंटिंग

कंसांची युक्ती चालत होती, पण ती आडवळणाची होती. जर्मनीत म्युनिक इथे फ्रीड्रिख बाउअर आणि क्लाउस झामेल्झोन यांनी १९५७ मध्ये एका सरळ पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यांनी तिला नाव दिले ‘केलर’, म्हणजे तळघर. आपण आज तिला स्टॅक म्हणतो. मंगल कार्यालयातली ताटांची चळत आठवा. शेवटी ठेवलेले ताट सर्वांत आधी उचलले जाते.

२ + ३ × ४ ही पदावली डावीकडून वाचू. २ आले, ते कागदावर लिहा. + आले, ते चळतीत ठेवा, कारण त्याची दुसरी संख्या अजून पुरती कळलेली नाही. ३ आले, कागदावर लिहा. × आले. चळतीत वर + आहे. पण × चा मान मोठा, म्हणून × त्याच्यावर ठेवा. ४ आले, कागदावर लिहा. पदावली संपली. आता चळत वरून रिकामी करा : आधी ×, मग +. कागदावर उमटले :

२ ३ ४ × +

हे यंत्राने वाचायचे ते असे : क्रिया दिसली, की तिच्या लगतच्या मागच्या दोन संख्यांवर ती करायची. ३ आणि ४ यांचा गुणाकार १२. मग २ आणि १२ यांची बेरीज १४. एकही कंस न वापरता, मागे न वळता, एकाच वाचनात काम झाले. क्रम बदलून २ × ३ + ४ घेतले, तर + येताना चळतीत त्याच्याहून मोठ्या मानाचा × बसलेला असेल. त्याला आधी बाहेर काढायचे आणि मग + ठेवायचे. विद्यार्थ्यांनी हे कागदावर करून पाहावे.

हॉलंडमधले एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी याच पद्धतीला रेल्वेच्या यार्डातल्या शंटिंगची उपमा दिली. काही डबे सरळ पुढे जातात, काही बाजूच्या रुळावर थांबून योग्य वेळी गाडीला जोडले जातात. डाइक्स्ट्रा आणि याप झोनेव्हेल्ड या दोघांनीच ऑगस्ट १९६० मध्ये ॲमस्टरडॅम इथे ‘अल्गोल ६०’ या नव्या भाषेचा कंपायलर पुरा केला. काम होईपर्यंत दाढी करायची नाही असा दोघांनी पण केला होता, असे सांगतात. फोर्ट्रानला लागलेल्या अठरा मनुष्यवर्षांशी याची तुलना करा. दोन्ही कंपायलरांची उद्दिष्टे वेगळी होती हे खरे. पण तीनच वर्षांत समज किती स्वच्छ झाली होती तेही यातून दिसते.

व्याकरणाची गोष्ट

आता एक प्रश्न उरला. भाषेत काय बरोबर आणि काय चूक हे ठरवायचे कोणी? फोर्ट्रानच्या बाबतीत याचे उत्तर होते : कंपायलर चालवेल ते बरोबर. हे म्हणजे गुरुजी म्हणतील तेच शुद्ध, व्याकरणाचे पुस्तकच नाही, अशातला प्रकार. अल्गोल ही भाषा युरोप-अमेरिकेतल्या अनेक संस्थांनी मिळून ठरवायची होती आणि प्रत्येकाचे यंत्र वेगळे होते. त्यामुळे यंत्राबाहेर, कागदावर, नेमके व्याकरण हवे होते.

१९५९ मध्ये पॅरिसच्या परिषदेत बॅकस यांनी अशा व्याकरणासाठी एक लेखनपद्धती मांडली. डेन्मार्कचे पीटर नाऊर यांनी तिच्यात सुधारणा करून १९६०चा अल्गोल अहवाल तिच्या आधारे लिहिला. या पद्धतीचा नमुना मराठीत असा देता येईल :

अंक ::= ० | १ | २ | ३ | ४ | ५ | ६ | ७ | ८ | ९
संख्या ::= अंक | संख्या अंक

उभी रेघ म्हणजे ‘किंवा’. दुसरा नियम सांगतो, की एकटा अंक ही संख्या आहे, किंवा संख्येपुढे आणखी एक अंक लिहिला तर तीही संख्याच. १०७ घ्या : १ हा अंक, म्हणून संख्या, तिच्यापुढे ०, म्हणून १० ही संख्या, तिच्यापुढे ७, म्हणून १०७ ही संख्या. दोन ओळींत अमर्याद संख्या मावल्या! आणि असे व्याकरण हाती आले, की कंपायलरची रचना त्याच्या मागोमाग जाते : व्याकरणाच्या प्रत्येक नियमासाठी कंपायलरमध्ये एक तुकडा.

इथे आपल्याला कोणाची आठवण व्हावी? १९६७ मध्ये पीटर इंगरमन यांनी संगणकशास्त्राच्या एका अमेरिकन नियतकालिकाला पत्र लिहून सुचवले, की या पद्धतीला ‘पाणिनी-बॅकस’ असे नाव द्यावे. कारण सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी पाणिनीने संस्कृतचे व्याकरण याच वळणाने मांडले होते. जवळजवळ चार हजार सूत्रे. त्यांच्या आरंभी वर्णांची चौदा सूत्रांत केलेली मांडणी. त्या मांडणीतून ‘अच्’ म्हणजे सगळे स्वर, ‘हल्’ म्हणजे सगळी व्यंजने, असे दोन टोकांवरून गट सांगण्याची सोय. पाय मोडलेल्या अक्षराला आपण हलंत म्हणतो, त्यातला ‘हल्’ तो हाच. अति + अंत = अत्यंत, सु + आगत = स्वागत, ही सगळी उदाहरणे एका छोट्या सूत्रात बसतात, कारण नियम सुट्या वर्णांविषयी नसून वर्णांच्या गटांविषयी आहे. नियमांनी काम केल्यावर त्या फलावर पुढचे नियम लागू होतात, आणि दोन नियम एकाच जागी आले तर कोणता बलवान हेही पाणिनी सांगतो.

पण इथे एक सावधगिरी हवी. ‘संगणकासाठी संस्कृत हीच सर्वोत्तम भाषा’ असे वाक्य शाळेच्या भाषणांत अनेकदा ऐकू येते. इतिहास तसे सांगत नाही. बॅकस आणि नाऊर यांनी आपली पद्धत पाणिनीवरून घेतली नव्हती; साम्य नंतर लक्षात आले. कोणताही नेहमीचा कंपायलर संस्कृतातून भाषांतर करत नाही. आणि पाणिनीचे मोठेपण त्यात नाहीच. बोलली जाणारी, जिवंत भाषा थोड्या, नेमक्या, क्रमाने लागू होणाऱ्या नियमांत पकडता येते, हे त्याने दाखवून दिले. बॅकसपुढे तर आधी नियम करून मग भाषा घडवण्याचे सोपे काम होते. पाणिनीला खोट्या श्रेयाची गरज नाही. त्याचे खरे श्रेय पुरेसे आहे.

स्वतःलाच जन्म देणारा

कंपायलर ही शेवटी एक आज्ञावलीच. मग ती कोणत्या भाषेत लिहायची? १९५१ मध्ये झुरिक इथे कोराडो बोम या इटालियन तरुणाने आपल्या प्रबंधात एक भाषा मांडली आणि तिचा कंपायलर त्याच भाषेत लिहून दाखवला. हे वाचून ‘आधी कोंबडी की आधी अंडे’ असा प्रश्न पडणे साहजिक आहे.

त्याच संस्थेत निकलाउस व्हिर्ट (१९३४-२०२४) यांना पुढे हा प्रश्न प्रत्यक्ष सोडवावा लागला. शिकवण्यासाठी सुटसुटीत अशी पास्कल ही भाषा त्यांनी तयार केली. १९६९ मध्ये तिचा कंपायलर फोर्ट्रानमध्ये लिहिण्याचा प्रयत्न झाला. तो फसला, कारण कंपायलरला लागणारी गुंतागुंतीची माहिती फोर्ट्रानमध्ये नीट मांडता येईना. मग त्यांनी कंपायलर पास्कलमध्येच लिहिला. तो चालवायला पास्कलचा कंपायलर हवा, आणि तो तर अजून नव्हता! तेव्हा शिल्ड नावाच्या सहकाऱ्याने दोन आठवडे घरी बसून ती संपूर्ण आज्ञावली यंत्राजवळच्या एका भाषेत हाताने उतरवली. ते एक भाषांतर माणसाने केले. त्यानंतर पास्कलमधला कंपायलर स्वतःचेच भाषांतर करू लागला. सुधारणा केली की जुन्याने नव्याला तयार करायचे. १९७०च्या मध्यापर्यंत पास्कल चालू लागले.

या साखळीत एक धोकाही दडलेला आहे. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग व्याख्यानात केन थॉम्पसन यांनी तो दाखवला. कंपायलरमध्ये एकदा गुपचूप अशी खोडी घालायची, की तो पुढच्या कंपायलरचे भाषांतर करताना तीच खोडी आपणहून त्यात घालेल. मग मूळ मजकुरातून ती पुसून टाकली, तरी पिढ्यान्‌पिढ्या ती चालूच राहील, आणि कितीही बारकाईने मजकूर वाचला तरी सापडणार नाही. ज्याच्यावर आपण सर्वस्वी विसंबतो त्या दुभाष्यावरचा विश्वास शेवटी त्याला घडवणाऱ्या माणसांवरचा विश्वास असतो.

कसब वहीत आले

१९५६ मध्ये डोनाल्ड कनुथ हा विद्यार्थी कॉलेजात आला. तिथल्या आयबीएम ६५० यंत्रावर ॲलन पर्लिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक कंपायलर होता. हा चमत्कार होतो कसा, ते पाहावे म्हणून त्याने त्याची छापील आज्ञावली मिळवली आणि ओळीन्‌ओळ वाचली. मग सुधारणा सुरू केल्या. १९६२ मध्ये एका प्रकाशन संस्थेने त्याला कंपायलरवर पुस्तक लिहायला सांगितले. त्यासाठी आधी काय काय समजायला हवे, ते लिहिता लिहिता पुस्तकाचे अनेक खंड झाले. पहिला १९६८ मध्ये आला. १९६५ मध्ये कनुथ यांनी व्याकरणावरून वाक्य वाचण्याची एक अत्यंत समर्थ रीत सिद्ध केली. तिच्या आधारावर बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी ‘याक’ हे साधन तयार केले. त्याला व्याकरण द्यावे आणि त्याने कंपायलरचा वाचणारा भाग लिहून द्यावा! १९७६ मध्ये व्हिर्ट यांच्या पाठ्यपुस्तकात काहीशे ओळींचा एक पूर्ण कंपायलर छापून आला. १९७७ मध्ये आहो आणि उलमन यांचे पाठ्यपुस्तक आले. १९८७ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी जीसीसी हा कंपायलर सर्वांना वाचायला, बदलायला खुला केला.

एक गोष्ट सतत दिसते. ॲलनबाई वाचून शिकल्या, कनुथ वाचून शिकले, आणि दोघांनीही आपल्याला जे कळले ते नाव देऊन, नियमांत बसवून पुढच्यासाठी मांडून ठेवले. चळत, व्याकरण, हाताने केलेले पहिले भाषांतर – आज हे शब्द सोपे वाटतात, कारण अवघड भाग कोणी तरी आधी उचलला आहे.

ज्याला संगणकाची एखादी भाषा येते, त्याने एकदा तरी छोटा कंपायलर लिहून पाहावा. बेरीज, गुणाकार आणि कंस एवढेच त्याला कळले तरी चालेल. कारण त्यात दोन गोष्टी शिकाव्या लागतात. पहिली, ‘हे तर उघडच आहे’ असे म्हणता येत नाही. आपल्याला उघड वाटणारी प्रत्येक गोष्ट नियमात सांगावी लागते. दुसरी, समोरचा चुकणार हे धरून चालावे लागते, आणि तो कुठे चुकला ते त्याला कळेल अशा शब्दांत सांगावे लागते. वेस्टिंगहाउसच्या त्या हरवलेल्या स्वल्पविरामासारखे. या दोन्ही गोष्टी प्रत्येक शिक्षक रोज करत असतो.

फ्रान्सिस ॲलन यांचे कर्ज फिटले, पण त्या शाळेत परतल्या नाहीत. आयबीएममध्ये त्या पंचेचाळीस वर्षे राहिल्या. कंपायलरने तयार केलेल्या आज्ञा अधिक वेगवान कशा कराव्यात याचे शास्त्र त्यांनी जॉन कॉक यांच्याबरोबर उभे केले. २००६ सालचा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. या सगळ्याची सुरुवात झाली होती ती नाखूश विद्यार्थ्यांच्या एका वर्गापासून, आणि आपण शिकवतो ते आपल्याला आधी नीट कळले पाहिजे या एका शिक्षिकेच्या हट्टापासून.